वेवोस रांचेरोस: टॉर्टियाचा लगदा का होतो आणि साल्साचा कच्चेपणा का जात नाही

पुण्याच्या एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी मेक्सिकोची पारंपरिक न्याहारी म्हणून ‘वेवोस रांचेरोस’ तीनदा करून पाहिले. टोमॅटो कच्चेच मिक्सरमधून काढून कढईत शिजवले, त्यात जिरेपूड घातली, बाजारातल्या मैद्याच्या टॉर्टियांवर, म्हणजे मेक्सिकन पोळ्यांवर, झाकण ठेवून शिजवलेले हाफ फ्राय अंडे ठेवले, वरून तो टोमॅटोचा साल्सा ओतला आणि किसलेले चीज पसरले. तिन्ही वेळा टॉर्टियाचा लगदा झाला, साल्साला कच्च्या टोमॅटोचा आंबूस वास राहिला आणि बलक घट्ट झाला. चूक नेमकी कुठे होते, असे त्या विचारतात.

मेक्सिको शहरातल्या एका फोंडात, म्हणजे घरगुती जेवण देणाऱ्या लहानशा खाणावळीत, मी नऊ वर्षे काम केले. सुरुवातीची दोन वर्षे निवडणे, चिरणे आणि भांडी यांत गेली. पुढची सात वर्षे सकाळची शेगडी माझ्याकडे होती. त्या अनुभवावरून सांगते की आपल्या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. आपण या पदार्थाकडे अंड्याचा पदार्थ म्हणून पाहिलेत. वास्तविक हा साल्साचा आणि टॉर्टियाचा पदार्थ आहे. अंडे त्यावर शेवटच्या तीन मिनिटांत येते, आणि तोपर्यंत न्याहारी चांगली होणार की नाही हे ठरून गेलेले असते.

नावापासून सुरुवात करते, कारण त्यातून पदार्थाची घडण कळते. ‘वेवोस’ म्हणजे अंडी आणि ‘रांचेरोस’ म्हणजे रांचोवरची, शेतावरची. मेक्सिकोच्या ग्रामीण भागात पहाटे कॉफी किंवा आतोले हे मक्याचे गरम पेय आणि एखादा गोड पाव घेऊन माणसे कामाला लागत आणि दहा-अकराच्या सुमारास पोटभर खात. त्या खाण्याला तिथे ‘आल्मुएर्सो’ म्हणतात. इंग्रजी वळणाच्या ‘ब्रेकफास्ट’पेक्षा आपला ‘न्याहारी’ हा शब्द त्याला कितीतरी जवळचा आहे. घरात आदल्या दिवशीच्या टॉर्टिया असत, मडक्यात शिजवलेला घेवडा असे, टोमॅटो-मिरची असे आणि अंगणात कोंबड्या असत. यातला मका, घेवडा, टोमॅटो आणि मिरची ही स्पॅनिश लोक येण्यापूर्वीपासून तिथली. कोंबडी आणि डुकराची चरबी सोळाव्या शतकात स्पॅनिशांबरोबर आली. म्हणून पाककृतीत काही बदलायचे झाले तर कोंबडीकडून आलेल्या भागात बदल चालतो, मक्याच्या आणि टोमॅटोच्या भागात फारसा चालत नाही.

आता साल्सा. मध्य मेक्सिकोत लाल टोमॅटोला ‘हितोमाते’ म्हणतात, नाहुआत्ल या तिथल्या मूळ भाषेतल्या ‘शितोमात्ल’वरून. नुसते ‘तोमाते’ म्हटले की तिथे पातळ सालीच्या वेष्टनातले हिरवे, आंबट फळ समोर येते. आपल्याला लालच हवे. आपल्याकडच्या बाजारात मिळणारे लांबट, घट्ट गराचे टोमॅटो या कामाला उत्तम, कारण त्यांत पाणी कमी असते. गावठी टोमॅटो चवीला छान असले तरी ते फार आंबट आणि पाणीदार असतात आणि साल्सा आटेपर्यंत जीव काढतात. चौघांसाठी पाऊण किलो पिकलेले टोमॅटो, तीन जाडसर हिरव्या मिरच्या, अर्धा कांदा आणि सालासकट दोन मोठ्या लसूणपाकळ्या घ्याव्यात. मेक्सिकोत इथे सेर्रानो मिरची असते. ती आपल्या बारीक लवंगी मिरचीइतकी जहाल नसते, म्हणून लवंगी घेतलीत तर एकच पुरे.

हे सारे कोरड्या तव्यावर भाजायचे. तेलाचा थेंबही नको. बिडाचा तवा सर्वांत चांगला. मेक्सिकन तव्याला ‘कोमाल’ म्हणतात आणि असे काळे डाग पडेपर्यंत भाजण्याला ‘तातेमार’. मध्यम आचेवर टोमॅटो चिमट्याने फिरवत राहावे. बारा ते पंधरा मिनिटांत साल फाटते, ठिकठिकाणी काळी होते आणि फळ बोटाने दाबले की आत मऊ लागते. मिरचीला आधी टोचा मारून ठेवावा, नाहीतर ती फुटून उडते. लसूण सालातच भाजावी, म्हणजे ती आत वाफवल्यासारखी मऊ होते आणि करपून कडू होत नाही. भाजल्यावर साल काढून टाकावी. इथे घाई करणारे लोक मोठ्या आचेवर पाच मिनिटांत टोमॅटो काळे करतात. वरून ते भाजलेले दिसतात, आत मात्र कच्चेच राहतात, आणि तोच कच्चेपणा पुढे ताटात येतो.

भाजून झाले की फार काळी झालेली साल तेवढी काढावी, थोडी राहू द्यावी. टोमॅटो पाण्याखाली धुऊ नयेत. सुटलेला रस हाच अर्क आहे. वाटायला तिथे ‘मोल्काहेते’ असते, ज्वालामुखीच्या सच्छिद्र काळ्या दगडाचा तीन पायांचा खल. त्यात आधी लसूण, मिरची आणि जाड मीठ रगडतात, मग कांदा, शेवटी टोमॅटो. ज्यांच्याकडे पाटा-वरवंटा किंवा दगडी खल आहे त्यांनी जरूर वापरावा. मिक्सर घेतलात तर बटण क्षणभर दाबून सोडावे, असे तीन-चार वेळा, त्याहून जास्त नाही. मिक्सर सलग फिरवला की टोमॅटोत हवा भरते, वाटण फेसाळते, त्याचा लाल रंग गुलाबट होतो आणि मग तो रंग कितीही शिजवला तरी पूर्ण परत येत नाही.

पुढची पायरी आपल्याकडून राहिली आणि सारा फरक तिथेच पडला. वाटलेला साल्सा मेक्सिकोत तळतात. पसरट भांड्यात दीड-दोन चमचे चरबी किंवा तेल चांगले तापवायचे आणि त्यात सगळे वाटण एकदम ओतायचे. या क्रियेला तिथले स्वयंपाकी ‘सासोनार’ म्हणतात. आपल्याकडे फोडणीवर टोमॅटो घालून ते मऊ होईपर्यंत परततात. तिथे आधी भाजतात, मग वाटतात आणि मग त्या वाटणालाच चरबीत परततात. हा क्रम महाराष्ट्रातल्या कोणाही गृहिणीला परका नाही. कांदा-खोबरे भाजायचे, वाटायचे आणि ते वाटण तेल सुटेपर्यंत परतायचे, हेच आपण मटणाच्या रश्श्याला करतो. वेवोस रांचेरोस करताना तोच हात वापरायचा, फक्त भांड्यात टोमॅटो आहे.

फोंडाच्या मालकीणबाईंनी मला ही पायरी कानांनी शिकवली. त्या शेगडीकडे पाठ करून टॉर्टिया थापत असत आणि मी वाटण ओतले की मान न वळवता सांगत, तेल थंड होते. वाटण पडताच चर्र असा मोठा आवाज यायला हवा आणि भांड्याच्या कडेने बुडबुडे उसळायला हवेत. नुसता फसफस असा मऊ आवाज आला तर तेल पुरेसे तापलेले नाही आणि टोमॅटो तळण्याऐवजी उकळतो आहे, असे समजावे. ओतताना शिंतोडे उडतात, म्हणून झाकण हाताशी असू द्यावे. पण झाकून ठेवू नये, कारण पाणी उडून जायला हवे. सहा ते आठ मिनिटांत रंग फिक्या लालावरून विटकरी होतो, कडेला तेलाची बारीक तार दिसू लागते आणि कच्चा वास जाऊन भाजका, गोडसर वास येतो. तयार झाल्याची त्यांची खूण अशी होती: लाकडी चमच्याने भांड्याच्या तळावर एक रेघ ओढायची. रेघ लगेच बुजली तर साल्सा पातळ आहे, बुजलीच नाही तर जास्त आटला आहे, आणि एक-दोन क्षण तळ दिसून मग रेघ सावकाश मिटली तर बरोबर आहे.

मीठ शेवटी चाखून घालावे. साखर घालण्याची गरज नाही. टोमॅटो नीट भाजला की त्याचा गोडवा पुरेसा असतो. जिरे घालू नये. मेक्सिकोत जिरे मुळीच वापरत नाहीत असे नाही, पण या साल्सात ते नसते. टेक्सासकडच्या सीमेवर घडलेल्या स्वयंपाकात जिऱ्याचा हात सढळ आहे आणि तिथूनच ते जगभरच्या पाककृतींत पोहोचले. तूप आणि शेंगदाण्याचे तेलही या साल्साला मला पटत नाही, दोन्हींचा स्वतःचा वास टोमॅटोवर चढतो. डुकराची चरबी नको असेल तर सूर्यफुलासारखे वासरहित तेल घ्यावे.

टॉर्टियाबद्दल अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे. मैद्याची टॉर्टिया खोटी नाही. सोनोरा, चिवावा अशा उत्तरेकडच्या राज्यांत ती रोजच्या जेवणातली आहे. मात्र या पदार्थाला मक्याचीच लागते. मैद्याची टॉर्टिया रस शोषून चिवट आणि ओली होते. मक्याची, योग्य रीतीने तळलेली टॉर्टिया रसाखाली दहा मिनिटे तग धरते.

आणि मक्याची म्हणजे आपल्या किराणा दुकानातल्या मक्याच्या पिठाची नव्हे. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. या मक्याला ‘निश्तामाल’ आणि त्यापासून केलेल्या पिठाच्या गोळ्याला ‘मासा’ म्हणतात. चुन्यामुळे दाण्याचे टरफल सुटते, त्यातला चिकट भाग मोकळा होतो आणि पीठ बांधून येते. साध्या मक्याच्या पिठाची भाकरी कडेला चिरते आणि दुमडली की तुटते, निश्तामालची टॉर्टिया कापडासारखी दुमडते. शिवाय मक्यातले नियासिन हे जीवनसत्त्व या क्रियेनेच शरीराला मिळण्याजोगे होते. मका युरोपात गेला, पण चुन्याची रीत त्याच्याबरोबर गेली नाही. म्हणून उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना नियासिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग झाला. मेक्सिकोच्या खेड्यांत मात्र पिढ्यान्‌पिढ्या मका खाऊनही लोक त्या रोगापासून बचावले.

घरी करायचे झाल्यास एक किलो वाळलेल्या पांढऱ्या मक्याला तीन लिटर पाणी आणि सुमारे दहा ग्रॅम खाण्याचा चुना घ्यावा. चुना स्टीलच्या भांड्यात पाण्यात कालवून मका घालावा, उकळी आणून मंद आचेवर पाऊण तास शिजवावा आणि झाकून रात्रभर ठेवावा. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये, चुन्याचा त्यावर परिणाम होतो. सकाळी दाणा चोळला की साल निघायला हवी. दोन-तीन पाण्यांनी धुऊन दाणे वाटावेत. घरच्या मिक्सरवर ते टॉर्टियाइतके एकजीव वाटणे कठीण जाते, ओल्या वाटणाचा ग्राइंडर असल्यासच हा खटाटोप करावा. नाहीतर ‘मासा आरिना’ हे निश्तामालचे कोरडे पीठ मिळते. ‘मासेका’ हे त्यातले सर्वांत परिचित नाव. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल, आणि तयार मक्याच्या टॉर्टियाही मिळतील. पाकिटावर मका, पाणी आणि चुना एवढेच घटक असतील तर डोळे मिटून घ्याव्यात. भारतात हे पीठ आयात मालाच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळते. ‘कॉर्नफ्लोअर’ या नावाने मिळणारी पांढरी पूड म्हणजे मक्याचे नुसते स्टार्च आहे, तिचा येथे काही उपयोग नाही.

दोन वाट्या मासा आरिनाला साधारण दीड वाटी कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ घालून मऊ मळावे आणि ओल्या फडक्याखाली वीस मिनिटे ठेवावे. गोळा दाबला की कडेला भेगा पडू नयेत. पडल्या तर ओला हात लावून पुन्हा मळावे. लिंबापेक्षा थोड्या मोठ्या गोळ्या करून, प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून जड ताटलीने दाबाव्यात, सुमारे सव्वापाच इंच व्यासाच्या. तव्यावर पहिली बाजू वीसेक सेकंद, कडा सुटताच उलटून दुसरी बाजू मिनिटभर, पुन्हा उलटली की टॉर्टिया फुगायला हवी. भाकरीला पापुद्रा सुटतो तसाच हा पापुद्रा, आणि ज्यांचा भाकरीवर हात बसला आहे त्यांना आच कधी वाढवायची हे सांगावे लागत नाही.

मात्र या ताज्या, फुगलेल्या टॉर्टिया लगेच वेवोस रांचेरोसला वापरू नयेत. त्या एक दिवस फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. शिळ्या टॉर्टियात पाणी कमी असते, म्हणून ती तेलात पटकन कडा धरते. ताजी टॉर्टिया तेल पिते. दुसऱ्या दिवशी तव्यात अर्धा सेंटीमीटर तेल तापवून एकेक टॉर्टिया दोन्ही बाजूंनी पाच ते आठ सेकंद तळावी. तिथे याला ‘तेलातून काढणे’ असेच म्हणतात. ती पापडासारखी कडक होता कामा नये. चिमट्याने मधोमध उचलली की दोन्ही बाजूंनी जराशी वाकली पाहिजे. तेलाचा हा पातळ थर रसाला आत शिरू देत नाही. आपल्या टॉर्टियाचा लगदा होण्याचे खरे कारण म्हणजे हा थर नसणे. मेक्सिकोत टॉर्टिया मुद्दाम साल्सात भिजवून खाण्याचाही पदार्थ आहे, त्याला ‘चिलाकिलेस’ म्हणतात. पण त्यासाठी टॉर्टियाचे तुकडे आधी कुरकुरीत होईपर्यंत तळलेले असतात.

घेवड्याचे थोडक्यात सांगते. मध्य आणि दक्षिण मेक्सिकोत काळा घेवडा, उत्तरेत ठिपक्यांचा पिंटो. आपल्याकडे चित्रा राजमा त्याच्या जवळचा. भिजवून, कुकरमध्ये कांद्याच्या फोडीसह अगदी मऊ शिजवावा, मग थोड्या चरबीत बारीक कांदा तांबूस करून त्यात राजमा आणि त्याचे पाणी घालून घोटावा. याला ‘रेफ्रितोस’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘दोनदा तळलेले’ असा अनेक ठिकाणी छापलेला दिसतो, तो बरोबर नाही. मेक्सिकन बोलीत ‘रे’ म्हणजे ‘चांगले, पुरेपूर’.

आता अंडी. ती अर्धा तास आधी फ्रीजमधून काढून ठेवावीत. अंड्याचा पांढरा भाग साठ अंश सेल्सिअसच्या थोडे वर गेल्यावर घट्ट होऊ लागतो, पण त्यातले मुख्य प्रथिन ऐंशी अंशांच्या जवळ जाईपर्यंत पूर्ण बांधले जात नाही. बलक मात्र पासष्ट ते सत्तर अंशांतच घट्ट होतो. म्हणजे पांढरे शिजेपर्यंत थांबलो तर बलक गेलेला असतो. झाकण ठेवले की वाफ बलकावर बसते आणि त्यावर पांढुरकी साय येते, आपली अडचण हीच झाली. त्याऐवजी तव्यात तीन-चार चमचे तेल घ्यावे, मध्यम आचेवर अंडे वाटीतून अलगद सोडावे, तवा जरा तिरका करून कडेला जमलेले गरम तेल चमच्याने फक्त पांढऱ्यावर सोडत राहावे. बलकाभोवतीचा पारदर्शक घेर पांढरा झाला की दोन मिनिटांच्या आत अंडे तयार होते. फोंडात गिऱ्हाइकाला बलक ‘तिएर्नो’, म्हणजे कोवळा हवा की पूर्ण शिजलेला, असे विचारूनच अंडे फोडत. घरात लहान मुले, गरोदर स्त्रिया किंवा वृद्ध असतील तर त्यांच्यासाठी अंडे उलटून पूर्ण शिजवावे. साल्सा चांगला असेल तर त्या ताटातही कमीपणा राहत नाही.

मांडणीचा क्रम असा: ताट आधी गरम करून घ्यावे. त्यावर तळलेल्या दोन टॉर्टिया, किंचित एकमेकींवर चढवून. हवे असल्यास त्यांना रेफ्रितोसचा पातळ लेप. त्यावर दोन अंडी. साल्सा उकळता असावा आणि पळीने फक्त पांढऱ्यावर आणि टॉर्टियाच्या कडेवर घालावा, बलक उघडे राहिले पाहिजेत. बलकावर उकळता साल्सा ओतला की तो ताटातही शिजत राहतो, हे आपल्या घट्ट बलकाचे दुसरे कारण. चीज किसून वितळवू नये. तिथे वरून ‘केसो फ्रेस्को’ हे ताजे, खारट, भुसभुशीत चीज चिमटीने टाकतात. आपल्याकडे घरचे पनीर जरा जास्त दाबून, मीठ लावून कुस्करले तर ते काम नेमके होते. सोबत उरलेला घेवडा, आवोकाडोच्या दोन फोडी आणि थोडी कोथिंबीर.

हे जमले की मेक्सिकोच्या इतर न्याहाऱ्या याच सामानातून निघतात. एका अंड्यावर लाल आणि दुसऱ्यावर हिरवा साल्सा घालून मध्ये घेवड्याची भिंत उभारली की ते ‘दिवोर्सियादोस’, घटस्फोटित अंडी. युकातान राज्यातल्या मोतुल गावाच्या नावाचे ‘मोतुलेन्योस’ असतात. त्यात काळा घेवडा, मटार, हॅम आणि तळलेले पिकलेले केळे येते, आणि गोड केळ्याचा तिखट साल्साशी जो मेळ बसतो तो एकदा तरी चाखावा. टोमॅटो, कांदा आणि हिरवी मिरची परतून त्यात अंडी फेटून घातली की ‘आ ला मेहिकाना’. आपल्या अंडा भुर्जीची ही सख्खी बहीण म्हणावी, फक्त हळद आणि मसाला नाही.

चौघांचा साल्सा करताना मी नेहमी दीडपट करते. उरलेला काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये तीन-चार दिवस नीट राहतो. दुसऱ्या दिवशी तो थोड्या पाण्याने सैल करून उकळावा आणि त्यातच अंडी फोडून मंद आचेवर चार-पाच मिनिटे ठेवावी. हे ‘आओगादोस’, बुडवलेली अंडी. त्यांच्याबरोबर टॉर्टिया वेगळी, तव्यावर नुसती गरम करून द्यावी, म्हणजे ती रसात बुडवून खाता येते.